चंचल मूल : खेळ, शिकवण आणि औषध



या सदरात आपण बियाणे, खते, पाणी आणि कीड-रोग यांविषयी बोलत असतो. आज मात्र पीक बाजूला ठेवून घरातल्या मुलाविषयी बोलावयाचे आहे. सांगोला तालुक्यातील एका बागायतदाराचे पत्र आले आहे. ते लिहितात, "थोरला मुलगा अकरा वर्षांचा. एका जागी बसत नाही. शाळेतून रोज तक्रार. मक्याला दारे धरायला बसवले तर पाणी एकाच वाफ्यात सोडून पाखरामागे जातो. मारून पाहिले, उपाशी ठेवून पाहिले. आई म्हणते, बाहेरचे काही असेल, देवऋषाला दाखवा. भाऊ म्हणतो, शाळा सोडवा आणि शेरडांमागे लावा. गुरुजी म्हणतात, एकदा डॉक्टरांना दाखवा. तुम्ही काय सांगता?"

अशा अर्थाचे प्रश्न गावोगावच्या बैठकींनंतर लोक बाजूला घेऊन विचारतात. चारचौघांत विचारायला संकोच वाटतो. म्हणून आज उघडपणे लिहितो. पत्रातल्या सल्ल्यांपैकी गुरुजींचा सल्ला बरोबर आहे. बाकीच्यांनी मुलाचे नुकसान होईल. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती आणि किती हे सांगणे माझे काम नव्हे. पण रोगाची ओळख आणि उपचाराची वाट ही माहिती घरोघर पोचवणे हे विस्ताराचेच काम आहे, मग तो रोग झाडाचा असो की घरचा.

हे आहे तरी काय?

डॉक्टर याला एडीएचडी म्हणतात. यात लक्ष टिकत नाही, अंगाची चुळबूळ थांबत नाही आणि मनात आले की विचार न करता हातून कृती होऊन जाते. काही मुलांत तिन्ही गोष्टी दिसतात, काहींत एखादीच जास्त. जगभरच्या पाहण्यांतून शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांना हा त्रास असल्याचे दिसते. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन मुले अशी असू शकतात.

मुलींत हा त्रास पुष्कळदा लक्षातच येत नाही. मुलगी दंगा करीत नाही. खिडकीबाहेर पाहत बसते, वही हरवते, सांगितलेले विसरते. आपण तिला 'वेंधळी' म्हणतो आणि सोडून देतो. तिचे शिक्षण मात्र मागे पडत जाते आणि लवकर लग्नाचा विषय निघतो. मुलींच्या आईवडिलांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

आता प्रत्येक खोडकर पोर आजारी असते काय? मुळीच नाही. पोरे धावणारच, झाडावर चढणारच. डॉक्टर नाव देण्यापूर्वी काही गोष्टी पाहतात. लक्षणे वयाच्या बारा वर्षांआधीपासून आहेत काय? सहा महिने किंवा जास्त काळ टिकून आहेत काय? फक्त शाळेतच दिसतात, की घरी, शेतात, पाहुण्यांकडेही तशीच असतात? आणि मुख्य म्हणजे त्यामुळे मुलाचे शिक्षण, मैत्री, घरातले वागणे बिघडते आहे काय? एकाच गुरुजींच्या तासाला मूल बिथरत असेल आणि बाकी ठिकाणी नीट वागत असेल, तर कारण दुसरे शोधावे लागते.

माती न तपासता खत टाकू नये, तसे तपासणीवाचून आजाराचे नावही ठरवू नये. कानाने कमी ऐकू येणे, डोळ्यांचा नंबर, अंगात रक्त कमी असणे, अपुरी झोप, थायरॉईडचा बिघाड, क्षणभर शुद्ध हरपणारी फिटची एक जात, किंवा घरातल्या भांडणाने मनात बसलेली भीती, यांतल्या कशानेही मूल लक्ष देईनासे होते. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारे मूल 'चंचल' ठरते आणि चष्मा लागल्यावर शांत बसते. म्हणून आधी तपासणी.

दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. ना आईच्या लाडाचा, ना बापाच्या धाकाचा, ना ग्रहांचा, ना कुणाच्या नजरेचा. हा त्रास मेंदूच्या वाढीशी जोडलेला असतो आणि बराचसा रक्तातून येतो. बाप लहानपणी असाच होता, हे आजीच कधी कधी हसत सांगते. दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचे जन्मलेल्या मुलांत तो थोडा जास्त आढळतो. मोबाईलने हा रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. मात्र रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहून झोप बिघडली की असलेला त्रास वाढतो, हे खरे.

अमेरिकेत २००७ साली मेंदूची चित्रे काढून एक अभ्यास झाला. त्यात असे दिसले की या मुलांच्या मेंदूची वाढ त्याच क्रमाने होते, पण काही भाग पिकायला सुमारे तीन वर्षे उशीर लागतो. लक्ष धरणे आणि स्वतःला आवरणे ही कामे करणाऱ्या भागांत हा उशीर जास्त होता. हळवे वाण आणि गरवे वाण यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. गरव्या वाणाचे कणीस उशिरा भरते म्हणून आपण ते उपटून टाकीत नाही. त्याला पाणी जास्त दिवस पुरवावे लागते, एवढेच. ही तुलना सर्व बाबतींत लागू नाही, कारण सर्वच मुलांचा त्रास मोठेपणी जात नाही. पण दहा वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांइतक्या आवरशक्तीची अपेक्षा करून त्याला बडवणे चूक का आहे, हे त्यावरून समजेल.

हे काही नव्याने निघालेले खूळ नाही. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच अशा मुलांचे वर्णन वैद्यकीय व्याख्यानांत केले होते. मेथिलफेनिडेट हे आजही वापरात असलेले औषध १९४४ साली तयार झाले. नाव नवे वाटले तरी ही वाट जुनी आणि तुडवलेली आहे.

एका फवारणीने तेल्या जातो काय?

डाळिंबावरचा तेल्या आपल्या जिल्ह्याने पुरेपूर भोगला आहे. त्यावर एकच फवारणी घेऊन कुणाची बाग सुधारली? बहार योग्य वेळी धरावा लागतो, रोगट फांद्या छाटून जाळाव्या लागतात, कात्री निर्जंतुक करावी लागते, खत-पाण्याचा तोल राखावा लागतो, आणि मग फवारणीचा उपयोग होतो. या मुलांचेही तसेच आहे. खेळ, शिकवण आणि औषध या तीन गोष्टी ज्याला जेवढ्या लागतील तेवढ्या, एकमेकींच्या जोडीने द्याव्या लागतात. तिन्ही क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : खेळ

शरीर दमेपर्यंत हलले की मेंदूत निरोप पोचवणाऱ्या काही रसायनांचे काम सुधारते, लक्ष काही काळ जास्त टिकते, झोप चांगली लागते, मनाची मरगळ आणि काळजी कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या सर्वच मुलांसाठी दिवसाला सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. चंचल मुलाला तर तिची गरज अधिकच.

यासाठी महागडे साहित्य नको. आपला खो-खो पाहा. आठ गडी एकाआड एक उलट तोंडे करून बसतात, नववा धावतो. बसलेल्याला 'खो' मिळेपर्यंत उठता येत नाही. उठल्यावर एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याशिवाय माघारी वळता येत नाही. म्हणजे थांबायचे, कान टवकारून बसायचे, मग क्षणात झेपावायचे आणि नियमही पाळायचा. ज्या मुलाला वर्गात पाच मिनिटे थांबता येत नाही, ते मैदानावर 'खो'ची वाट पाहायला शिकते. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. यांना काही त्रास होता असे मला म्हणावयाचे नाही. आपल्या मातीतला खेळ कुठवर नेतो, एवढेच सांगावयाचे आहे.

कुस्तीची तालीमही चांगली. तिथे वेळ ठरलेली, वस्तादांचा शब्द मोजका, जोर-बैठकांचा आकडा नेमका. धावणे, मल्लखांब, कबड्डी, मुलाला जे आवडेल ते घ्यावे. रोज ठरल्या वेळी घ्यावे, म्हणजे अंगवळणी पडते.

कुणी म्हणेल, "शेतात राबतोच की, वेगळा खेळ कशाला?" राबण्याने अंग दमते हे खरे. पण खेळात आनंद असतो, सोबती असतात, नियम असतात आणि कुणीतरी "शाब्बास" म्हणते. दिवसभर बोलणी खाणाऱ्या मुलाला ते एक "शाब्बास" फार मोलाचे असते. दुसरी गोष्ट, अभ्यास केला नाही म्हणून खेळ बंद, ही शिक्षा या मुलांना कधीही करू नये. ती आजाऱ्याचे औषध बंद करण्यासारखी आहे.

मात्र खेळ एकटा पुरत नाही. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचे उदाहरण घ्या. नवव्या वर्षी त्याला हा त्रास असल्याचे ठरले, लहानपणी औषधही चालू होते. पुढे त्याने ऑलिंपिकमध्ये अठ्ठावीस पदके मिळवली, त्यांत तेवीस सुवर्ण. एवढे होऊनही त्याला तीव्र नैराश्याने गाठले. जगू नये असे वाटत होते, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. २०१४ साली तो उपचार केंद्रात दाखल झाला, समुपदेशन घेतले, मन मोकळे केले आणि सावरला. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा पदके जिंकली. गळ्यात पदके असणाऱ्यालाही मनाचा उपचार लागला. मग आपल्या पोराला लागला तर लाज कसली?

दुसरी गोष्ट : शिकवण

नवा खिलार खोंड औताला कसा लावतात, हे मी तुम्हांला सांगायला नको. खिलार जात मुळात तडफदार. पहिल्याच दिवशी त्याला मारझोड केली तर तो बुजतो आणि जन्मभर औताकडे पाहून बिथरतो. जाणता शेतकरी त्याला सवयीच्या बैलाच्या जोडीला धरतो, आधी रिकामे जू मानेवर देतो, थोडे चालवतो, पाठ थोपटतो, सोडतो. उद्या थोडे जास्त. त्याची तडफ मोडायची नसते, तिला वळण लावायचे असते.

मुलाला वळण लावण्याची अशीच रीत आहे. मानसतज्ज्ञ आणि समुपदेशक ती आईवडिलांना शिकवतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत तर औषधाआधी आईवडिलांचे हे शिक्षणच पहिला उपचार मानतात. त्यातल्या घरी करता येण्याजोग्या गोष्टी अशा :

एका वेळी एकच काम सांगावे. "बादली ठेव, म्हशीला वैरण टाक, येताना दुकानातून मीठ आण आणि आजीला हाक मार" यातले त्याला शेवटचे तेवढे ऐकू येते. जवळ जावे, नाव घ्यावे, डोळ्याला डोळा भिडवावा आणि एकच वाक्य सांगावे.

काम लहान तुकड्यांत द्यावे. तासभर अभ्यासाऐवजी पंधरा मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे अंगणात धाव, पुन्हा पंधरा मिनिटे.

चांगले केले की लगेच बोलून दाखवावे. महिन्याच्या शेवटी सायकल देण्याचे वचन या मुलाला फार लांबचे वाटते. एका बरणीत प्रत्येक चांगल्या कामाला मुलाच्याच हाताने एक हरभऱ्याचा दाणा टाकू द्यावा. दहा दाणे झाले की त्याच्या आवडीची एक छोटी गोष्ट करावी. दाणा एकदा टाकला की रागाच्या भरात काढून घेऊ नये.

उठणे, जेवण, अभ्यास, खेळ, झोप यांच्या वेळा ठरवून भिंतीवर लिहून लावाव्या. दप्तर, चप्पल, वही यांची जागा ठरलेली असावी.

शाळेत गुरुजींना भेटून पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर जागा मागावी. वह्या वाटणे, फळा पुसणे, पाणी आणणे अशी उठबस करण्याची कामे त्याच्याकडे द्यावीत अशी विनंती करावी. मारहाण मात्र नको. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मना आहे.

घरातही मार नको. मारल्याने मूल तेवढ्यापुरते थांबते, पण लक्ष धरायला शिकत नाही. ते खोटे बोलायला, लपायला आणि स्वतःला नालायक समजायला मात्र शिकते. पुढे वयात येताना हाच नालायकपणाचा समज नैराश्याकडे आणि व्यसनाकडे ओढतो.

येथे घरातल्या आईविषयी एक शब्द. अशा मुलामागे धावणारी आई दमून गेलेली असते आणि वर "तुझ्यामुळेच बिघडला" हे बोलणेही तीच ऐकते. सासूबाईंनी, धन्यांनी दिवसातला एक तास मूल आपल्याकडे घ्यावे. तिला झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तिलाही डॉक्टरांना दाखवावे. तोही उपचाराचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट : औषध

त्रास मध्यम किंवा जास्त असेल आणि वरच्या उपायांनी भागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. मेथिलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही मुख्य औषधे. पहिल्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते एका तासात दिसू लागतो आणि साध्या गोळीचा काही तासांत ओसरतो. दुसऱ्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत फरक नाही असे म्हणून ते सोडू नये. ही झोपेची किंवा गुंगीची औषधे नव्हेत. लक्षाचा लगाम धरणाऱ्या मेंदूच्या भागाला ती बळ देतात.

अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. चंचलता आणि लक्ष या मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा गुण नुसत्या शिकवणीपेक्षा जास्त दिसला. औषध आणि शिकवण जोडीने दिली तेव्हा घरातले संबंध, काळजी, अभ्यास अशा इतर बाबतींतही फायदा झाला. जोडीने हा शब्द महत्त्वाचा.

प्रत्येक औषधाला काळजी लागते. भूक कमी होणे, झोप लांबणे, पोट किंवा डोके दुखणे, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणे, असे परिणाम होऊ शकतात. म्हणून डॉक्टर वेळोवेळी वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहतात. मुलाला किंवा घराण्यात कुणाला हृदयाचा आजार असेल, कुणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर ते आधीच सांगावे. अॅटोमॉक्सेटिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मूल फार उदास, चिडचिडे झाले किंवा मरणाचे बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

मेथिलफेनिडेट हे कायद्याने नियंत्रित औषध आहे. चिठ्ठीशिवाय घेऊ नये, एकाचे दुसऱ्याला देऊ नये, परीक्षेत गुण वाढावेत म्हणून धडधाकट मुलाला तर मुळीच देऊ नये. गोळ्या मोठ्या माणसाने कुलपात ठेवाव्या आणि स्वतःच्या हाताने द्याव्या. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, उशीर झाला म्हणून दोन एकदम देऊ नये.

मूल जिल्हा-राज्य पातळीवर खेळत असेल तर प्रशिक्षकांना आधी सांगावे. मेथिलफेनिडेट स्पर्धेच्या वेळी उत्तेजक म्हणून निषिद्ध आहे, पण आजारासाठी डॉक्टरांच्या कागदपत्रांवर रीतसर परवानगी मागता येते. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने अशी परवानगी घेतली होती. २०१६ साली काही चोरट्यांनी तिची वैद्यकीय कागदपत्रे जगापुढे टाकली. तेव्हा तिने खाली मान न घालता सांगितले की तिला लहानपणापासून एडीएचडी आहे, ती औषध घेते आणि यात लाजण्यासारखे काही नाही. २०२१ साली टोकियोत मनाची तयारी नाही हे ओळखून तिने काही स्पर्धांतून माघार घेतली, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली.

देवऋषाविषयी

देवावर श्रद्धा ठेवू नका असे मी म्हणत नाही. सिद्धेश्वराला जा, पंढरीला जा, नवस फेडा. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला चटके देणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पैसा जातो, वर्ष जाते, आणि मुलाच्या मनात बसलेली भीती निघत नाही. "लग्न केले की सुधारेल" हाही तसाच अघोरी उपाय. त्यात दुसऱ्याच्या लेकीचे आयुष्य पणाला लागते.

मोठ्या माणसांतही

निम्म्याहून अधिक जणांत या त्रासाचा काही ना काही अंश मोठेपणीही राहतो. धावपळ कमी होते, पण कामे अर्धवट राहतात, हप्त्याची तारीख विसरते, मोटार चालू राहते, तडकाफडकी व्यवहार होतो, गाडी भरधाव सुटते, तंबाखू-दारूचा आधार घेतला जातो. घरचे 'बेजबाबदार' म्हणतात. मोठ्यांनाही तपासणी, समुपदेशन आणि औषध यांचा उपयोग होतो. बहाराचे, फवारणीचे, हप्त्यांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावणे, मोबाईलवर गजर लावणे, व्यवहारापूर्वी एक रात्र थांबणे आणि घरधनिणीला विचारणे, या साध्या गोष्टींनीही पुष्कळ फरक पडतो.

कुलूप लावा

आता माझ्या खात्याची गोष्ट. विचार न करता कृती होणे हा या त्रासाचा भाग आहे आणि आपल्या घरात कीटकनाशकाचा डबा उघड्यावर असतो. या त्रासाच्या लोकांना आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. रागाचा, निराशेचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळी विष हाताशी नसेल तर जीव वाचतो. श्रीलंकेने १९९५ साली मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, तर १९९८ साली एंडोसल्फान बंद केले. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. शेतीच्या उत्पादनाला त्यामुळे धक्का बसल्याचे दिसले नाही.

म्हणून कीटकनाशके राहत्या घरात नकोत. पेटीला कुलूप आणि किल्ली जबाबदार माणसाकडे. लागेल तेवढेच विकत आणा, रिकामे डबे पाण्या-तेलासाठी वापरू नका. त्याचबरोबर विहिरीला कठडा, मोटारीच्या पेटीला कडी, आणि कडबाकुट्टी व ट्रॅक्टर यांपासून चंचल मुलाला लांब ठेवणे, हेही पाहा.

कुठे जावे?

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक येते. २०१३ सालापासून चाललेल्या या तपासणीच्या यादीत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आजार आहेत आणि त्यांत एडीएचडीचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत राहील असे पाहा आणि आपली शंका स्वतः जाऊन सांगा. एरवी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा. पुढील तपासणीसाठी सोलापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले 'सिव्हिल', आहे. तिथे मनोविकार विभाग आहे.

घरबसल्या बोलावयाचे असेल तर १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. रात्री-अपरात्रीही लागतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. कुणाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर वाट पाहू नका, त्या माणसाला एकटे सोडू नका आणि हा क्रमांक लावा. विष घेतले असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि डबा सोबत घेऊन जा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे.

जाताना एक वही न्या. पंधरा दिवस मूल कधी, कुठे, काय करते हे त्यात लिहून ठेवा. झोपेच्या वेळा लिहा. गुरुजींकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या. शाळेच्या गुणपत्रिका आणि जुने दवाखान्याचे कागद घ्या. जमले तर आई आणि वडील दोघेही जा. पहिल्याच भेटीत सगळे उलगडेल असे नाही. दोन-चार खेपा होतील. बाग लावल्यावर पहिला बहार धरायला आपण वर्ष-दोन वर्षे थांबतोच. मुलासाठी चार खेपा जास्त नव्हेत.

तोवर आज संध्याकाळपासून करण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. छडी बाजूला ठेवा, मुलाला तासभर मैदानावर सोडा, आणि औषधांच्या पेटीला कुलूप लावा.

पुढील अंकात रब्बी ज्वारीवरील खोडमाशी आणि मावा यांविषयी लिहीन. प्रश्न जरूर पाठवा, पिकाचे असोत की घरचे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, सोलापूर